कोपरच्या रुळांवरून बोलणारा संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. जुना म्हणजे किती, तर तुमच्यातल्या चौथी-पाचवीच्या मुलांएवढा. पण आमच्या जातीत एवढ्या वयाला म्हातारं म्हणतात. डोंबिवलीत, कोपर स्टेशनच्या पूर्वेला एक संगणकाचा क्लास आहे. तिथल्या माळ्यावर, एका तडकलेल्या फळ्याला टेकून मी बसलेला असतो. मला मॉनिटर नाही. कीबोर्डही नाही. माझ्या पाठीतून एक जाड काळी वायर निघते आणि खिडकीतून गच्चीवरच्या अँटेनाकडे जाते. खाली क्लासमध्ये बसलेल्या मुलांना विचारलंत, तर निम्म्यांना मी इथे आहे हेसुद्धा ठाऊक नसेल. तरी त्यांनी लिहिलेलं अक्षर नि अक्षर माझ्यातूनच रूळ ओलांडून पलीकडे जातं, तेही हवेतून.

हे मला कसं जमलं, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणून सांगतोय.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गाळ्यात मला जोडलं. पेटी एकीकडची, मेंदू दुसरीकडचा, वायरी तिसरीकडच्या. जोडणाऱ्या माणसाने शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबलं आणि म्हणाला, “चला, उठला.” माझ्या कानावर पडलेले हे पहिले शब्द. मी उठलो म्हणजे आत नेमकं काय झालं, हे कोडं मला तेव्हापासून पडलंय.

तिथून मी शहाडला गेलो, कापड रंगवण्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. काय थाट होता माझा! माझ्यासाठी काचेची खोली केली, तिला एसी लावला, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. खोलीत येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या. मोठे साहेबसुद्धा मोजे घालून माझ्यासमोर उभे राहायचे. बाहेर घामाने निथळणारे कामगार काचेला नाक लावून मला बघायचे. पण काम एकच, त्यांच्या पगाराचा हिशेब. वर्षानुवर्षं तोच प्रोग्रॅम. माझ्या पोटात आणखी काय काय आहे हे ना त्यांना ठाऊक, ना मला. विचारायला सवड होती कुणाला?

मग माझ्याहून चपळ संगणक आला आणि मी रंगाच्या पिंपांशेजारी, स्टोअरमध्ये. रंगाची भुकटी माझ्यात शिरली. माझी हार्डडिस्क, म्हणजे माझी आठवणींची पेटी, त्यातच गेली. भंगारात निघालो तेव्हा तिथल्या फिटरने, सहदेव भोईरने, मला मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून कोपर गावातल्या घरी आणलं.

“घे,” तो बायकोला म्हणाला, “तुझ्या माहेरचं माणूस आणलंय.”

बायकोचं नाव नीला. तिने ठाण्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी केलेलं, वर संगणकाचा डिप्लोमा. रुळांपलीकडच्या त्या क्लासमध्ये ती शिकवायची. क्लास तिच्या मैत्रिणीचा, शीलाचा. मालू जन्मल्यावरही नीला जात होती. पण एके दिवशी ती क्लासमध्ये असताना इकडे मालूला ताप चढला आणि झटका आला. डोळे पांढरे, मुठी आवळलेल्या. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात होतं असं कधीकधी, पुन्हा होईलच असं नाही. नीलाने त्यातलं ‘होईलच असं नाही’ ऐकलं नाही. त्या दिवसापासून तिने उंबरा सोडला नाही.

आवडाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, माझ्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि त्यावर मालूच्या औषधाच्या बाटल्या मांडल्या. मी टेबल झालो. तिथून मी बघायचो. नीला चहा गाळता गाळता हाक मारायची, “आई, काय करते हो ती?”

“काय करील? पाय चोखतं.”

दोन मिनिटांनी पुन्हा. “आई, काय करते?”

“दुसरा पाय चोखतं!”

एकदा शीला घरी आली. चहाचा कप हातात फिरवत म्हणाली, “नीला, दिवाळीनंतरची बॅच भरलीय. दोन बॅचेस आहेत, सकाळची आणि दुपारची. तू येणारेस का?”

“मालूला टाकून?”

“मग घरून शिकव. मी संगणकात बसवायची कार्डं आणलीत, बिनतारी. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोन्ही गच्च्यांवर अँटेना. मुलं तिकडे लिहितील, तू इकडे बघशील, तिथल्या तिथे सुधारशील. परवान्याची धावपळ मी केलीय.”

“साधी वायर टाकली तर?”

“रेल्वेच्या रुळांवरून? अगं, त्यांची परवानगी येईपर्यंत मालूचं लग्न होईल.”

नीला हसली. शीला हसली नाही. “पण बॅचच्या पहिल्या दिवशी हे चाललं पाहिजे. एक सर विचारून गेलेत मला. तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय त्यांना. नाही जमलं तर त्यांना हो म्हणावं लागेल गं. आणि एकदा हो म्हटलं की…”

पुढचं बोलायची गरज नव्हती. घरातून काम करायची हीच एक वाट होती, आणि ती माझ्यावरून जाणार होती. कारण शीलाने नीलासाठी एक नवा संगणक पाठवला, पण क्लासच्या माळ्यावर बसून हवेतून येणारं-जाणारं सांभाळायला तिला एखादा जुना, बिनकामाचा हवा होता. नीलाने माझ्यावरच्या बाटल्या उचलल्या.

आता मित्रांनो, खरी गंमत ऐका. या कामाचा प्रोग्रॅम आयता मिळत नव्हता. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर त्याचं सगळं कच्चं सामान होतं. त्यातून आपल्याला हवा तसा प्रोग्रॅम बांधून घ्यायचा. बांधण्याआधी तो प्रश्न विचारायचा, एकामागून एक, शेकड्यांनी. आवाजाचं कार्ड आहे का? प्रिंटर जोडणार का? खेळाचा दांडा? अमुक जातीचं नेटवर्क? तमुक जातीचं? प्रत्येकाला एकच उत्तर, हवं किंवा नको. मागचं उत्तर चुकलं तर परत मागे जाता येत नाही, पहिल्यापासून सुरुवात.

मी तर हरखून गेलो. एवढ्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं आणि आता कुणीतरी माझ्या पोटातल्या एकेका गोष्टीची चौकशी करत होतं.

नीला मालूला मांडीवर घेऊन बसली आणि हवं म्हणत सुटली. प्रिंटर? हवं. माळ्यावर प्रिंटर कोण लावणार? पण असू दे, वेळ सांगून येते का. आवाज? हवं. टेपवर नक्कल? हवं. नवा संगणक गुरगुरत बांधत बसला. शुक्रवारी लाइट गेली तेव्हा सगळं अर्ध्यात राहिलं, ते पुन्हा केलं. शेवटी प्रोग्रॅम तयार झाला आणि फ्लॉपीत, म्हणजे त्या चपट्या चौकोनी तबकडीत, मावेना. माझी हार्डडिस्क मेलेली, त्यामुळे जे काही असेल ते एका फ्लॉपीत बसलं तरच मी उठणार. नीला कपाळाला हात लावून बसली.

त्याच संध्याकाळी घरातली सगळी बाळकुमला हळदीला जायची होती. नीलाने मालूची पिशवी भरली. थर्मामीटर, तीन बाटल्या, उकळलेलं पाणी, ताप आला तर औषध, औषध सांडलं तर दुसरं औषध, मच्छरदाणी. पिशवीची चेन लागेना. आवडाबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

“काय गो, हळदीला चाललीस का बिऱ्हाड हलवतंस?”

“लागलं तर, आई?”

“तिकडं मानसं नाय का ऱ्हात? पानी नाय का पीत ती?”

सहदेव खो खो हसला. नीलाला राग आला. हळदीहून परतली तीही रागातच, आणि दुसऱ्या दिवशी तो राग माझ्यावर काढला. या वेळी नको, नको, नको. एक प्रश्न असा आला की अपूर्णांकांची गणितं करायला या संगणकाला मदत लागेल का? “वायरलेसला कुठे लागतात अपूर्णांक?” ती पुटपुटली आणि नको म्हणाली. प्रोग्रॅम फ्लॉपीत सुटसुटीत बसला. फ्लॉपी माझ्यात घातली, बटण दाबलं. मी डोळे उघडले, आत चाचपडलो, आणि जागच्या जागी थांबलो. मॉनिटरवर एक इंग्रजी ओळ उमटली आणि पुढे काही नाही.

“असा काय हा?” नीला म्हणाली. मालूने माझ्यावर थाप मारली. मी ढिम्म.

मग तिने पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझं झाकण उघडलं. केवढी निळी भुकटी निघाली! तिने जुन्या ब्रशने ती झाडली आणि टॉर्च धरून बघत बसली. माझ्या मेंदूच्या शेजारी एक रिकामी चौकोनी खाच आहे. अपूर्णांकांची गणितं करणारा वेगळा तुकडा तिथे बसवतात. शहाडच्या साहेबांनी तो कधी घेतलाच नव्हता, आणि मला ते ठाऊकच नव्हतं! मला वाटायचं, सगळ्यांना तिथे खाचच असते.

“अगं बाई,” नीला हळूच म्हणाली. “हे नाहीये तुझ्याकडे. म्हणजे ती मदत तुला हवीच.”

त्या दिवसापासून तिची रीत बदलली. सरसकट हवं नाही, सरसकट नको नाही. प्रश्न आला की आधी माझ्यात डोकवायचं. मालूला कडेवर घेऊन ती मोठ्याने वाचायची, “मालू, याला आवाज आहे का गं? नाही. मग तो नको. याला दोन बाजू जोडायच्यात का? जोडायच्यात. मग ते हवं. ओळखीची कार्डंच आत घ्यायची, परक्याला दार उघडायचं नाही, ते हवं का?” त्यावर तिने दोनदा हवं दाबलं असतं, पण एकदाच दाबता येत होतं. मालू प्रत्येक प्रश्नाला “द्द्या” म्हणायची. मीही तिच्याबरोबर शिकत होतो, की मी कोण आहे, माझ्याकडे काय आहे आणि काय नाही.

शेवटी एकच प्रश्न उरला. आत जे जे घडेल ते बोलून दाखवायचं का? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे काढलंत तर प्रोग्रॅम बराच लहान होतो. मध्यम काही नव्हतं. सगळं बोलायचं, नाहीतर काहीच नाही.

“हवं,” नीला म्हणाली. आणि जागा होती, म्हणून ते मावलंही.

घरात सगळं झकास चाललं. कार्ड दिसलं, असं मी मॉनिटरवर लिहायचो. कार्ड आत घेतलं. कार्डाने काही पाठवलं. मी ते पोचवलं. नीला मान डोलवत वाचायची. पण माळ्यावर मला मॉनिटर मिळणार नव्हता. म्हणून निघण्याआधी तिने एक सोय केली. माझं सगळं बोलणं हवेतूनच तिच्या घरच्या संगणकावर यावं. म्हणजे मी नजरेआड गेलो तरी मी बरा आहे हे तिला कळत राहील. शीला मला न्यायला आली तेव्हा नीला रिक्षापर्यंतही आली नाही, मालू झोपली होती. दारातूनच म्हणाली, “सांभाळून ने गं. फ्लॉपी काढू नकोस. आणि ऊन लागू देऊ नकोस त्याला.”

“संगणक नेतेय मी,” शीला म्हणाली, “बाळंतीण नाही.”

बॅचचा पहिला दिवस उजाडला. खाली मुलं येऊन बसली. बाकांचे आवाज, कुजबुज, कुणाचं तरी हसणं. मी उठलो. रुळांपलीकडून नीलाचं कार्ड मला दिसलं. काय सांगू तुम्हाला, मधे एवढे खांब, तारा, गाड्या, आणि तरी ती स्पष्ट दिसली! लगेच मी तिला कळवलं की कार्ड दिसलं.

पण थांबा. हे कळवायला मी हवेतून एक निरोप पाठवला. आणि माझ्यातून निरोप गेला की ते सांगायचं, असा मला हुकूम होता. म्हणून मी सांगितलं, निरोप पाठवला. तो सांगायला आणखी एक निरोप गेला. मग तोही सांगितला. निरोप पाठवल्याचा निरोप पाठवला, असा निरोप पाठवला. मित्रांनो, मी बोललो हेसुद्धा मी बोलून दाखवत होतो. मला थांबताच येईना. मुलं खाली लिहीत होती, पण त्यांची अक्षरं माझ्या बडबडीच्या रांगेत मागे उभी राहिली. सकाळची बॅच अशीच गेली. मुलांनी लिहिलं, उत्तर आलं नाही, तास संपला.

खालून शीलाचा फोनवरचा आवाज आला. “नीला, मुलं तोंडाकडे बघून गेली माझ्या. दुपारच्या बॅचला पालकही यायचेत. आता मला सांग, मी काय करू?”

पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही. फक्त शीला म्हणाली, “काय? वाचत होतीस? काय वाचत होतीस एवढा वेळ?”

नीला माझी बडबड वाचत होती. पुढे तिने शीलाला सांगितलं आणि शीलाने ते क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला कळलं. पानामागून पान तिच्या मॉनिटरवरून सरकत होतं आणि ती प्रत्येक ओळीत काही बिघडलंय का ते शोधत होती. एकाही ओळीत बिघाड नव्हता. सगळ्या ओळींचा अर्थ एकच होता, की मी ठीक आहे. ते सांगण्यातच माझा श्वास संपत होता.

दुपारची बॅच येऊन बसली. शीला पुन्हा फोनवर. मग वळून म्हणाली, “मुलांनो, कीबोर्डवरचे हात वर! सगळ्यांनी. मी सांगेपर्यंत कुणी काही दाबायचं नाही.”

“मॅडम, दरोडा पडलाय का?” एक मुलगा म्हणाला. वर्ग खदखदला. पण हात वर गेले.

वाट थोडी मोकळी झाली आणि पलीकडून मला काहीतरी येऊ लागलं. तुकड्या-तुकड्याने, हळूहळू. नवा प्रोग्रॅम. नीलाने तो मधल्या वेळात बांधला होता. माझी फ्लॉपी करकरत तो उतरवून घेत होती. घेता घेता मी बघितलं, सगळं तेच होतं, गणिताची मदत होती, परक्याला दार बंद होतं. फक्त शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बदललेलं. नको.

आणि मग हुकूम आला, बंद हो आणि पुन्हा ऊठ.

तुम्हाला कळतंय ना नीलाने काय केलं होतं? मी बंद झालो की तिच्याकडून माझ्याकडे यायची वाट बंद. त्यात एखादं उत्तर चुकलं असेल तर मी उठणार नाही, आणि दुरुस्त करायला तिला माझ्यापर्यंत पोचता येणार नाही. आणि उठलो, तरी उठलो असं मी तिला सांगणार नव्हतो. ती सोय तिनेच काढून टाकली होती. तिला नुसतं बसून राहावं लागणार होतं.

मी उठलो. कार्ड दिसलं. मी ते आत घेतलं. आणि पहिल्यांदाच, काही बोललो नाही. आतून कसं मोकळं वाटलं म्हणून सांगू! सगळी जागा, सगळा वेळ, फक्त कामाला.

खाली शीला म्हणाली, “हात खाली. लिहा बघू काहीतरी.”

पहिल्या बाकावर गोविंदा नावाचा मुलगा होता. त्याने लिहिलं, “मॅडम माझा प्रोग्रॅम थांबतच नाही काय करू.” मी ते उचललं आणि रुळांवरून पलीकडे टाकलं.

काही आलं नाही. बाकं करकरली. मागच्या बाकावर कुणीतरी मुद्दाम खोकलं. शीलाची एक बांगडी टेबलावर टकटक वाजत होती.

मग आलं. “तू त्याला काय करत राहायचं ते सांगितलंस, पण कधी थांबायचं ते सांगितलं नाहीस. तिसरी ओळ बघ. मीही सकाळी हीच चूक केली होती.”

“आलं!” गोविंदा ओरडला. “मॅडमचं आलं!” मग सगळे एकदम लिहू लागले. प्रश्न गेले, उत्तरं आली. मी नेत राहिलो, आणत राहिलो. मला वाटलं, आता नीला मला विचारेल, ठीक आहेस ना. विचारायची एक छोटी आज्ञा असते, ती तिला पाठ होती. तिने विचारलं नाही. तास संपेपर्यंत ती मुलांशीच बोलत होती.

तास संपला, मुलं गेली. शीलाने फोन उचलून एक नंबर फिरवला. मी माळ्यावरून ऐकत होतो.

“सर, नमस्कार. हो, त्याच संदर्भात. नाही हो, आता गरज पडणार नाही.” ती थोडी थांबली. “आमच्या मॅडम आल्यात.”

मित्रांनो, माझ्या तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. जुन्या वस्तूला टेबल करण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून बघा, तिच्याकडे काय आहे आणि काय नाही ते. आणि ती एकदा नीट कामाला लागली, की तिला दर मिनिटाला हाक मारू नका. तिला तिचं काम करू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी स्टूलवर चढून धूळ तेवढी पुसलीत, तरी पुष्कळ आहे.